दहावं घर

माझी वहिनी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते. कोणी विचारलं, "तुमची लाँड्री आहे का हो?" तर म्हणते, "लाँड्री कसली, एक टेबल आहे आणि एक मी आहे." आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तिची दीड खोली. त्यातली मोठी खोली टेबलानं खाल्लेली, उरलेल्या अर्ध्यात ती राहते. टेबलावर जुनं ब्लँकेट, त्यावर पांढरी चादर चारी बाजूंनी ताणून टाचलेली, डाव्या हाताला पाण्याचा फवारा, उजव्या हाताला इस्त्री. इस्त्री साधीसुधी नाही. माझा थोरला भाऊ कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री विभागात होता, तिथली जुनी, जड. मी एकदा हौसेनं उचलून बघितली आणि दोन दिवस खांदा चोळत बसलो. दादा गेला तेव्हा कारखान्यानं त्याच्या डब्याबरोबर आणि छत्रीबरोबर ती इस्त्रीही घरी पाठवून दिली. वहिनीनं महिनाभर तिच्याकडे बघितलं आणि एके दिवशी प्लग लावला. त्याला आता अकरा वर्षं झाली.

या अकरा वर्षांत तिनं मुलीला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं, आणि माझ्यापुढे एकदाही हात पसरला नाही. माझ्याकडे ती फक्त विचारायला यायची. बँकेचं पत्र आलं, मुलीचा अर्ज भरायचा आहे, डॉक्टरनं काहीतरी लिहून दिलंय, की तिसऱ्या मजल्यावर आमच्या दारात उभी. "भाऊजी, जरा विचारायचं होतं." मी चष्मा लावायचो, कागद लांब धरायचो, दोनदा खाकरायचो आणि मग सांगायचो. मी सांगेन तिथे ती सही करायची. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

आता मी कोण, तर तीस वर्षं घरोघर फिरून मीटर वाचणारा माणूस. तेव्हा वीज देणारी एकच कंपनी होती. तिचं बिल यायचं, लोक शिव्या द्यायचे आणि भरायचे. मी दारात उभा राहिलो की बायका म्हणायच्या, "आला हा!" कुत्री म्हणायची तेच, त्यांच्या भाषेत. पण काही झालं तरी माझ्या वहीतला आकडा खरा असायचा. निवृत्त झालो आणि वर्षभर नुसता खिडकीत बसून राहिलो. बायको केर काढताना माझे पाय उचलायला लावायची, तेवढाच काय तो व्यायाम.

मग सरकारनं नियम बदलला. वीज कोणाकडून घ्यायची ते आता ज्याचं त्यानं ठरवायचं. तारा त्याच, खांब तेच, मीटर तोच, पण बिल पाठवणाऱ्या कंपन्या डझनभर. टोप्या घातलेली माणसं जिने चढायला लागली, कोणी हिरव्या टोपीतलं, कोणी केशरी. प्रत्येकाच्या हातात कागद, आणि प्रत्येक कागदावर इतकी बारीक अक्षरं की मुंगीनंसुद्धा चष्मा लावावा. अख्खी इमारत गोंधळून गेली आणि सगळ्यांना एकदम माझी आठवण झाली. यांनी तीस वर्षं विजेत काढली, यांना विचारा! पहिल्या मजल्यावरचा बसचालक आला, समोरची नर्सबाई आली, तळमजल्यावरचा घड्याळजी आला. बायको चहा करून करून वैतागली. "तुम्हाला यातलं खरंच कळतं का हो?" तिनं एकदा हळूच विचारलं. मी म्हटलं, "मग काय मी तीस वर्षं गोट्या खेळत होतो?"

खरं सांगायचं तर मला ओ की ठो कळत नव्हतं. मला मीटर कळायचा. भाव, करार, सवलत, मुदत, हे माझ्या डोक्यावरून जात होतं. पण "मला माहीत नाही" हे तीन शब्द माझ्या तोंडातून कधी निघाले असतील तर शपथ. मी मोठा तक्ता केला, रंगीत पेन्सिलींनी. तीन रविवार घालवले आणि शेवटी हिरव्या टोपीवाल्याची योजना निवडली. रात्री नऊ ते सकाळी सहा वीज जवळपास फुकट, दिवसा मात्र महाग. आमच्या इमारतीतली माणसं सकाळी बाहेर पडतात ती संध्याकाळी परततात. कपडे धुण्याचं यंत्र रात्री, पाणी तापवायचं ते पहाटे. मला वाटलं, बघा कसं हुडकून काढलं! आणि वर आणखी एक गोष्ट होती. एका इमारतीतली दहा घरं एकत्र आली तर सगळ्यांनाच जादा सूट, वर्षभर. दहातलं एक जरी घर मध्येच सुटलं, तरी सूट सगळ्यांची जाणार आणि करार मोडणार.

आमच्याकडे बारा घरं. दोघांनी आधीच केशरी टोपीला सह्या देऊन ठेवलेल्या. माझं धरून नऊ तयार झाले. दहावं घर वहिनीचं.

ती म्हणाली, "भाऊजी, माझं आहे ते बरंय की. मला मेलीला कशाला ते नवीन?"

"वहिनी, तुमच्या एकटीमुळे नऊ घरांचं नुकसान होईल. कळतंय का?"

तिनं हात पदराला पुसले आणि सही केली. त्या फॉर्मवर एक रकाना होता: घरात वीज सर्वांत जास्त कधी लागते? मी दहाही फॉर्म जेवणाच्या टेबलावर पसरून एका दमात भरले आणि दहांवरही लिहिलं, "रात्री". वहिनीच्या फॉर्मवरसुद्धा. माझ्या पायाखालच्या खोलीत ती सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत इस्त्री आपटत असायची. धप्प, सर्र, धप्प. अकरा वर्षं तो आवाज माझ्या तळपायांना येत होता. तरी लिहिलं. मुद्दाम नाही हो, देवाशपथ नाही. नर्सबाईचा फ्रिज, घड्याळजीचा पंखा, हे माझ्या लेखी विजेवर चालणारं होतं. वहिनीचं काम हे नुसतं वहिनीचं काम होतं. ते विजेवर चालतं, हे माझ्या मनातच आलं नाही. मी वीजवाला!

करार झाल्यावर कंपनीनं प्रत्येकाला पत्र पाठवलं. त्यानंतर काही दिवसांनी, संध्याकाळी, बसचालक आणि घड्याळजी माझ्याकडे बसलेले. मी काहीतरी मोठ्या तोऱ्यात समजावत होतो. वहिनी दारात आली, हातात ते पत्र.

"भाऊजी, जरा विचारायचं होतं. यात दिवसाचा भाव लिहिलाय तो मला लई जास्त वाटतोय. माझं सगळं काम तर दिवसाचंच..."

चार माणसांत कोणी माझा निर्णय तपासतंय म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी पत्र हातातसुद्धा घेतलं नाही. म्हटलं, "वहिनी, तीस वर्षं मीटर वाचलेत मी. तुम्ही गीझर चालू ठेवून गप्पा मारत बसता, तो आधी बंद करत चला. मग बघा बिल कसं येतं ते."

बसचालक हसला. घड्याळजी हसला. वहिनीकडे गीझर नाही. ती चुलीवर, म्हणजे गॅसवर, पातेल्यात पाणी तापवते, हे मला माहीत होतं. "बरं," ती म्हणाली आणि पत्राची घडी घालत खाली गेली. त्यानंतर ती मला काही विचारायला आली नाही. मला वाटलं, समजलं असेल.

थोड्याच दिवसांत दिवसाचा धप्प-सर्र बंद झाला. मी बायकोला म्हटलं, "वहिनीचं काम कमी झालेलं दिसतंय. वय झालं आता." बायको म्हणाली, "ताई रात्रीच्या जाग्या असतात. मला आवाज येतो." माझी झोप अशी की भूकंप झाला तर मला तो सकाळी पेपरातून कळेल. मी म्हटलं, "तुला भास होतात."

वहिनी वाळायला लागली. डोळ्यांखाली काळं आलं. आमच्याकडे जेवायला बसली की हातातला घास तसाच आणि मान पुढे कलंडलेली. एकदा मी म्हटलं, "काय वहिनी, भाजी आवडली नाही म्हणून झोपून दाखवता का?" सगळे हसले, तीही दचकून जागी झाली आणि हसली. दवाखान्यातल्या डॉक्टरांचे पांढरे कोट तिच्याकडे यायचे, तेच तिचं खरं उत्पन्न. त्यातल्या एका कोटाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी डाग उमटला. अकरा वर्षांत तिच्या हातून एक बटणसुद्धा तुटलेलं नव्हतं. दवाखान्यानं सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर काम दुसरीकडे देऊ. हे मला बायकोकडून कळलं. मी म्हटलं, "लक्ष नको का द्यायला!" आज हे लिहिताना असं वाटतं की कोणीतरी यावं आणि माझ्या दोन थोबाडीत द्याव्यात.

सात महिने झाले आणि एका रविवारी सकाळी इमारतीची मीटिंग भरली. मी सेक्रेटरी, त्यामुळे इतिवृत्ताची वही माझ्या मांडीवर. पाण्याची टाकी झाली, जिन्यातला दिवा झाला, मग बसचालक उठला. माणूस वाईट नाही. पहाटे चारला त्याची पहिली गाडी असते.

"मला कोणाचं नाव घ्यायचं नाही," तो म्हणाला आणि सरळ वहिनीकडे बघितलं. "पण माझ्या डोक्यावर रात्रभर धपधप चालते. बरोबर नऊला सुरू. मी उठेपर्यंत चालूच असते. माझी बायको म्हणते, सहाच्या ठोक्याला थांबते. मला चाळीस माणसं घेऊन गाडी चालवायची असते हो! उद्या डुलकी लागली तर कोण जबाबदार?"

नऊ ते सहा.

माझं पेन थांबलं. माझ्याच तक्त्यावर, माझ्याच हिरव्या पेन्सिलीनं रंगवलेले तास. सात महिन्यांचं सगळं एकदम समोर आलं: दिवसाची शांतता, कलंडलेली मान, कोटावरचा डाग, दारात धरलेलं पत्र.

"वहिनी, तुम्ही रात्री का करता काम?" नर्सबाईनं विचारलं. तिनं तसं गोडच विचारलं.

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एखादा श्वास जाईल आणि येईल इतकाच. मी बोललो असतो तर त्याच वेळात बोललो असतो. "यात माझी चूक आहे," एवढंच म्हणायचं होतं. पण समोर नऊ घरं बसलेली, नऊच्या नऊ माझ्या हुशारीवर सूट खाणारी. मी वहीतली तारीख पुन्हा गिरवत बसलो.

"मला हल्ली झोपच लागत नाही," वहिनी म्हणाली. "वय झालं ना. पडून काय करू, म्हणून करते. चुकलं माझं. आता नाही करणार."

ठराव झाला. इमारतीत रात्री दहानंतर इस्त्री करू नये. तो मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. खाली सेक्रेटरी म्हणून माझी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पायाखाली धप्प झालं. मग सर्र. मी चहाचा कप खाली ठेवला. पूर्वी त्या आवाजाकडे माझं लक्षसुद्धा जायचं नाही, आता प्रत्येक धप्प छातीत येऊन बसत होता. दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. बायको म्हणाली, "काय झालंय तुम्हाला?" मी तिच्यावरच खेकसलो. तिसऱ्या दिवशी कपाटातून कंपनीचं पत्र काढलं, माझ्या नावाचं, तेव्हा न उघडलेलं. दुसऱ्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं की करार पटला नाही तर चौदा दिवसांत कळवा, काहीही न भरता बाहेर पडता येईल. वहिनी माझ्या दारात आली होती तो बारावा दिवस होता. मी बोटांवर तीनदा मोजला.

कंपनीला फोन लावला आणि वहिनीच्या घराबद्दल विचारलं. तिकडच्या मुलीनं सगळं शांतपणे सांगितलं आणि मग म्हणाली, "त्या पत्त्यावरच्या बाईंचा फोन पहिल्याच महिन्यात आला होता सर. त्यांना मी सांगितलं होतं की दंड भरून तुम्ही बाहेर पडू शकता, पण मग इमारतीतल्या सगळ्यांची सूट जाईल. त्या म्हणाल्या, मग राहू दे."

मी तसाच खाली गेलो. पायात चप्पलसुद्धा नव्हती. वहिनी टेबलापाशी उभी होती, पुढ्यात पांढरा कोट. दार उघडंच असतं तिचं. मी उंबऱ्यातच उभा राहिलो, आत जायची हिंमत होईना.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"काय ते?"

"दिवसाच्या भावाचं. सगळंच. सात महिने तुम्हाला माहीत होतं आणि एका शब्दानं बोलला नाहीत."

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. कोटाची बाही उलटी केली. "बोलले होते की. तुमच्याकडे माणसं बसली होती."

मला तिथेच धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, "नंतर यायचं होतं. मला खडसवायचं होतं. रात्र रात्र उभं राहून..."

"भाऊजी, तुम्ही वर्षभर खिडकीत बसलेले होता," ती म्हणाली. "मी भाजी आणायला जाताना बघायची. तुमचे दादा गेल्यावर मी बसले होते, अगदी तश्शी. मग माणसं यायला लागली तुमच्याकडे, तुम्ही जिन्यात शीळ घालायला लागलात. मी म्हटलं, वर्षाचा तर प्रश्न आहे. निघून जाईल." तिनं पुन्हा इस्त्री उचलली. "झोपेचं मात्र माझ्या अंदाजापेक्षा जड गेलं."

मला रडू आलं. साठी उलटलेला माणूस मी, उंबऱ्यात अनवाणी उभा राहून रडलो. तिनं बघितलं नाही. ती बाहीला पाणी मारत राहिली.

पुढच्या रविवारी मी स्वतः मीटिंग बोलावली आणि सगळं सांगितलं. रकान्यात मी काय लिहिलं ते, बाराव्या दिवशी दारात काय बोललो ते, मागच्या मीटिंगला गप्प बसलो ते. मला वाटलं होतं, लोक मला फाडून खातील. त्यांनी तसं काही केलं नाही. घड्याळजी म्हणाला, "म्हणजे आता त्या बाहेर पडल्या की आपली सूट गेली?"

"गेली."

"पण पाचच महिने राहिलेत," कोणीतरी म्हणालं. "इतके दिवस निभावलंच की त्यांनी." नर्सबाई म्हणाली, "आपण सगळे मिळून त्यांना थोडं थोडं काहीतरी देऊ." बसचालक मान खाली घालून बसला होता. शेवटी कोणीतरी हात वर करायला सांगितलं: वर्ष पुरं होईपर्यंत आहे तसंच चालू ठेवायचं, कोणाकोणाला मान्य आहे? एकेक हात वर गेला. बसचालकाचाही गेला, अर्धाच. आणि कोपऱ्यात, पायरीवर बसलेल्या वहिनीनंही हात वर केला. उजवा हात. त्याच्या मनगटावर भाजल्याचा लांबट चट्टा होता, तो मी पहिल्यांदा बघितला.

मी वही मिटली. म्हटलं, "दहातलं कुठलंही एक घर सुटलं की सगळ्यांचा करार मोडतो आणि बाकीच्यांना दंड पडत नाही. नियमच आहे तसा. माझं घर सुटलं. मी काल सही करून पाठवली. दंड माझा मी भरलाय. आता शिव्या द्यायच्या त्या मला द्या."

शिव्या मिळाल्या. जिन्यात माझ्याकडे बघून लोक तोंड फिरवायला लागले. घड्याळजीनं माझं दुरुस्तीला दिलेलं घड्याळ न उघडताच परत केलं. आता माझ्याकडे कोणी कागद घेऊन येत नाही, बायकोला चहाचा त्रास नाही. पण हे नंतरचं. त्या रविवारी मीटिंग संपल्यावर मी आणि वहिनी एकदमच जिना चढायला लागलो. मला हलकं वाटत होतं, अगदी खरं सांगतो. मनातून मी थोडा फुशारलोसुद्धा होतो. वाटलं, आता ती म्हणेल, कशाला एवढं केलंत भाऊजी. मग मी म्हणेन, अहो, एवढं तर करायलाच हवं.

दुसऱ्या मजल्यावर ती थांबली. कमरेची किल्ली काढून दाराला लावली, पण फिरवली नाही.

"भाऊजी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागच्या मीटिंगला मी तुमच्याकडे बघितलं होतं."

एवढंच. मी कठड्याला धरून उभा राहिलो. तिनं किल्ली फिरवली, आत गेली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच भरदिवसा आपलं दार आतून लावून घेतलं.